दोष घडीच्या पायरीचा नव्हता

गेल्या रविवारी आमच्या दिंडीची बैठक झाली. जुळे सोलापुरात पाण्याच्या टाकीच्या अलीकडे एक मंदिर आहे, त्याच्या सभामंडपात आम्ही वीस-बावीस जण बसलो होतो. यंदाच्या आषाढीला ट्रक कोणाचा, तंबू किती, गॅसच्या टाक्या किती, हे सगळं ठरलं आणि शेवटी एक ठराव आला. ट्रकच्या मागे बसवलेली फोल्डिंग पायरी कायमची काढून टाकायची आणि तिच्या जागी प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं. माझा एकट्याचा विरोध नोंदवून ठराव मंजूर झाला. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली. तेवढ्यात जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एका दिंडीपुरता नाही. आषाढीच्या दिवसांत या जिल्ह्यात किती ट्रक माणसांचं घर होतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. हौद्यात सामान, सामानावर अंथरूण, वर ताडपत्री, खाली चूल. शहाण्यासुरत्या गाड्यांना आता कॅराव्हॅन म्हणतात, सरकारनं २०२१ मध्ये त्यांच्यासाठी पर्यटन धोरणही काढलं. वारकऱ्याची कॅराव्हॅन त्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर आहे, आणि तिच्यात चढायचं कसं याचा विचार मात्र कोणी केलेला नाही.

ठराव मांडणाऱ्यांचा राग मला समजतो. गेल्या वर्षी दशमीच्या रात्री आम्ही पंढरपुरात ६५ एकरात उतरलो होतो. दिवसभर पाऊस. ट्रक उभा होता, इंजिन बंद, हौद्यात चार वयस्कर बायका झोपलेल्या. पहाटे साडेतीनच्या सुमारास शेजारच्या काकू तांब्या घेऊन खाली उतरायला निघाल्या. वय बाहत्तर. त्यांचा पाय पायरीच्या डाव्या कोपऱ्यावर पडला, पायरी डावीकडे झुकली आणि काकू तांब्यासकट चिखलात गेल्या. डावा हात अंगाखाली आला. मनगटात आज प्लेट आहे. चंद्रभागेचं स्नान राहिलं, कळसाचं दर्शन राहिलं, आणि पुढचे तीन महिने त्यांना स्वतःची वेणी घालता आली नाही.

म्हणून बैठकीत पहिलं वाक्य आलं ते असं: "फोल्डिंगची वस्तू भरवशाची नसतेच की ओ."

मी पस्तीस वर्षं लोखंडाचं काम केलं आहे. त्यातली बरीच वर्षं आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला मुलं शिकवण्यात गेली. त्या सकाळी काकूंना दवाखान्यात पोचवून आल्यावर मी ट्रकच्या मागे उकिडवा बसलो आणि बॅटरीच्या उजेडात पायरी बघितली. जे बघितलं ते सांगतो.

पायरी दोन टप्प्यांची. दीड इंची अँगलची चौकट, तिच्यात चेकर प्लेट, वर दोन बिजागऱ्या. उघडली की खाली लोंबते, जमिनीला टेकत नाही. सगळी चौकट चार तीन-सुती बोल्टांनी ट्रकच्या मागच्या पत्र्याला जोडलेली. पत्रा १६ गेजचा, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. बिजागऱ्या शाबूत होत्या. त्यांच्या खिळ्या शाबूत होत्या. घडी जिथे पडते तो सांधा, ज्याच्यावर सगळ्यांचा राग, तो हातानं हलवून बघितला तर व्यवस्थित फिरत होता. चारही बोल्ट सरळ होते, एकाचाही आटा गेलेला नव्हता. फाटला होता पत्रा. डावीकडच्या वरच्या बोल्टाचं भोक बदामासारखं लांबट झालं होतं, कडा बाहेर वळल्या होत्या आणि बोल्ट आपल्या छोट्या वॉशरसकट भोकातून निसटून बाहेर आला होता. फाटलेल्या कडेचा अर्धा भाग तांबूस, गंजलेला. उरलेला अर्धा चकचकीत, नव्या पत्र्यासारखा.

या गंजलेल्या अर्ध्या भागात सगळं प्रकरण आहे. पत्रा रात्रीत फाटला असता तर सगळी कड चकचकीत दिसली असती. अर्धी कड गंजली होती, म्हणजे चीर त्या रात्रीच्या बरीच आधीची होती. पायरी कधीपासून सांगत होती की माझी पकड सुटते आहे. ट्रकखाली वाकून बघणारा माणूस नव्हता.

आता हिशेब मांडतो. कोणालाही करता येईल असा आहे. बाई ७० किलोची धरा. ती पायरीच्या बाहेरच्या कडेवर उभी राहते, गाडीपासून दहा इंच बाहेर. पायरीचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून दोन इंचांवर. पायरी खालच्या बोल्टांवर टेकते आणि वरचे बोल्ट बाहेर ओढते, जशी आपण खिळा उपटायला पहार लावतो. ७० गुणिले १०, भागिले २. वरच्या बोल्टांवर ओढ आली ३५० किलोची. ही बाई शांत उभी राहिली तर. वरून उतरताना माणूस पाय अलगद ठेवत नाही, वजन टाकतो. तेव्हा ओढ दुपटीपर्यंत सहज जाते. आणि पाय डाव्या कोपऱ्यावर पडला की ही ओढ दोन बोल्टांत वाटली जात नाही, बहुतेक सगळी डाव्यावर येते. तीन-सुती बोल्ट एवढं सोसतो. दीड मिलिमीटरचा पत्रा पाच-पन्नास वेळा सोसेल, मग भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडेल, आणि ती चीर दर उतरणाऱ्या पायाबरोबर वाढत जाईल.

उपाय काय होता? पत्र्यामागे हातभर लांबीची तीन सूत जाड पट्टी. किंवा चौकट पत्र्याला न जोडता हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला जोडणं. ज्यानं पायरी बसवली त्याला हे कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. त्यानं कपाट बसवल्यासारखी पायरी बसवली. पायरीवर माणूस उभं राहणार आहे, हे त्याच्या मनात नव्हतं. आणि आपणही त्याला कधी विचारलं नाही की ही किती वजन धरेल.

याच शहराचं उदाहरण घ्या. केंद्राच्या योजनेतून आलेल्या सिटी बसच्या चासींना तडे गेले, बस आगारात उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने तो विषय चालला. तेव्हा सोलापूरकरांनी चासीचा दर्जा विचारला. बस ही वस्तूच बेभरवशाची, उद्यापासून सगळ्यांनी पायी चला, असं कोणी म्हटलं नाही. मग पायरीच्या बाबतीत आपण असं का म्हणतो? मला याचं एकच उत्तर दिसतं. बसची चासी हा गाडीचा भाग आहे असं आपण मानतो, आणि पायरी ही कोणाची तरी सोय आहे असं मानतो. बहुतेक वेळा म्हाताऱ्या बाईची सोय.

फोल्डिंगविरुद्धचा आक्षेप मी उडवून लावत नाही. त्यात तथ्य आहे आणि ते कुठे आहे हे मला ठाऊक आहे. सांधे जितके जास्त तितकी ढिलाई जास्त. कात्रीसारखी उघडणारी तीन-चार टप्प्यांची पायरी मिळते, तिच्यात डझनभर खिळ्या असतात. प्रत्येक खिळी आपल्या भोकात अर्धा मिलिमीटर हलली तरी शेवटच्या टप्प्यावर पायाखाली चांगलाच झोका जाणवतो. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही. गुडघे गेलेल्या माणसाचा पाय अशा पायरीवर पडला की त्याचा पहिला विश्वास तिथेच जातो, आणि घाबरलेला माणूसच पडतो. विजेच्या मोटरवर सरकणाऱ्या पायऱ्याही आल्या आहेत, दार उघडलं की आपोआप बाहेर येणाऱ्या. वारीच्या रस्त्यावर त्यांच्या पट्ट्यांत काळ्या मातीचा गारा बसला की मोटर कण्हत थांबेल, आणि अर्ध्यावर अडकलेली पायरी नसलेल्या पायरीपेक्षा वाईट. हे सगळं मान्य. पण हा आक्षेप वाईट फोल्डिंग पायरीवरचा झाला. एक बिजागरी, दोन पाय, जमिनीला टेकणारी, उघडल्यावर जाड खिळीनं अडकणारी पायरी यात बसत नाही. आणि आमच्या ट्रकची पायरी घडीच्या सांध्यावर गेलीच नव्हती, हे मी पुन्हा सांगतो.

दुसरी सूचना आली: मग पक्की पायरी वेल्डिंग करून टाका, घडीची भानगड नको. ऐकायला बरी वाटते. ट्रकचा हौदा जमिनीपासून चार फुटांवर. पायरी उपयोगाची व्हायची तर तिचा शेवटचा टप्पा जमिनीपासून फूटभरावर हवा. गाडीच्या मागच्या टोकाला, चाकांच्या कितीतरी मागे, फूटभर उंचीवर लोंबणारं लोखंड घेऊन गाडी गतिरोधकावरून, ओढ्यातून, मुक्कामाच्या शेताच्या बांधावरून उतरवून बघा. पहिल्याच बांधावर ती दुमडेल. म्हणून तर घडी आली. ती कोणाच्या हौसेपायी आलेली नाही. गाडी चालताना पायरी वर हवी आणि उभी असताना खाली हवी, या दोन गरजा एकाच वेळी भागवायच्या तर सांधा लागणारच.

आता ठरावातलं स्टूल. त्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ते सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. स्टूल दीड फुटाचं. हौदा चार फुटांवर. मध्ये अडीच फूट राहिले. आपल्या घरातल्या जिन्याची पायरी साधारण सात इंचांची असते. नऊवारी नेसलेल्या, गुडघ्यात वंगण न उरलेल्या बाईनं तीस इंच पाय उचलायचा, तोही लटपटत्या प्लास्टिकवर उभं राहून. उतरताना तर आणखी अवघड. अंधारात, पाठमोरं, पायानं चाचपडत स्टूल शोधायचं आणि ते सापडलं तर त्याच्या नेमक्या मध्यावर पाय पडला पाहिजे. कडेवर पडला की ते उलटतं. पायरी गाडीला बांधलेली असते, स्टूल कशालाच बांधलेलं नसतं. पंढरपूरची माती पावसात कशी होते हे वेगळं सांगायला हवं का? चार पायांपैकी एक पाय जरा जास्त रुतला की स्टूल कलतं. शिवाय सोलापूरच्या उन्हात गच्चीवर एक उन्हाळा काढलेलं प्लास्टिक हातात घेऊन बघा. रंग उडालेला, पृष्ठभाग पांढुरका, नखानं ओरखडा काढला तर भुगा निघतो. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतं. पत्र्यानं निदान गंजलेली कड दाखवली होती.

"आमच्या आया चाकावर पाय देऊन चढायच्या, त्यांना कुठं पायरी होती?" हे वाक्य बैठकीत एका जाणत्या माणसानं म्हटलं आणि माना डोलल्या. दिंडीच्या मोठ्या ट्रकला १०.००-२० मापाचा टायर असतो. तो उभा साडेतीन फुटांच्या आसपास भरतो. त्याच्यावर चढायचं म्हणजे आधी चाकाच्या मधल्या नटांवर पाय, मग टायरच्या गोल, ओल्या माथ्यावर पाय, मग फाळक्यावरून आत उडी. आपल्या आया हे करायच्या, खरं आहे. पण कोणत्या आया? ज्यांना जमत होतं त्या. ज्यांना जमत नव्हतं त्या ट्रकजवळ आल्याच नाहीत. एकीचा पाय मुरगळला, तिनं पुढच्या वर्षी "यंदा बरं वाटेना" म्हणून सांगितलं आणि घरातून पालखीला हात जोडले. तिचं नाव कोणत्या वहीत नाही. वारी थांबलेल्या बायकांची मोजदाद आपण कधी केली नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळ्या चढत होत्या. त्याआधीच्या काळात बैलगाडी होती आणि टांगा होता. सोलापुरात ज्यांनी टांगे पाहिले आहेत त्यांना आठवत असेल, टांग्याला मागे लोखंडी पायदान असायचंच. घोड्याच्या गाडीला पायदान लागतं हे लोहाराला कळत होतं.

कायद्याचा मुद्दाही निघाला आणि तो निघायलाच हवा होता. एकानं विचारलं की मालवाहू ट्रकमधून माणसं न्यायचीच नसतात, मग पायरी लावून आपण चुकीच्या गोष्टीला उत्तेजन देत नाही का? चालत्या मालट्रकमध्ये माणसं बसवण्याच्या मीही विरोधात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२३ पायदानावर उभं राहून, टपावर किंवा बॉनेटवर बसून प्रवास करायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. आमची माणसं रस्त्यानं पायी चालतात. ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहतो. पण उभ्या ट्रकमध्ये दिवसातून पन्नास वेळा चढ-उतर होते. तांदळाचं पोतं काढायचं, पातेली द्यायची, औषधाची पिशवी शोधायची, ओलं लुगडं बदलायचं, पावसात आडोशाला पडायचं. ही चढ-उतर कोणताही कायदा थांबवत नाही आणि थांबवू शकत नाही. काकू पडल्या तेव्हा ट्रक उभाच होता.

कायद्याच्या आणि मानकांच्या जगात पायरी ही बारीक गोष्ट मानलेली नाही. आपल्याकडे बसच्या बांधणीचं एआयएस-०५२ हे मानक आहे, त्यात पायरीची उंची आणि खोली लिहून दिलेली असते. अमेरिकेत उंच केबिनच्या ट्रकांसाठी नियम आहे की पहिली पायरी जमिनीपासून २४ इंचांहून उंच नको, प्रत्येक पायरीनं २०४ किलो वजन पेललं पाहिजे, आणि चढताना-उतरताना माणसाच्या दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम कशाला तरी टेकलेले असले पाहिजेत. तो नियम धडधाकट ड्रायव्हरसाठी आहे, दिवसभर ट्रक चालवणाऱ्या माणसासाठी. आपण बाहत्तर वर्षांच्या बाईला स्टूल देतो आहोत.

तीन आधारांची ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण आमच्या जुन्या पायरीत तीच नव्हती. पायरी होती, धरायला दांडा नव्हता. काकूंच्या एका हातात तांब्या, दुसरा हात हवेत. पायाखालचं लोखंड झुकलं तेव्हा हाताला काही असतं तर त्या लोंबकळल्या असत्या, पडल्या नसत्या. पत्रा फाटला हे अपघाताचं अर्धं कारण, हात रिकामा होता हे उरलेलं अर्धं. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना सव्वा इंची पाइपचा दांडा, हौद्याच्या पातळीपासून छातीपर्यंत उंच, एवढं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आणि हा दांडा बसवायला घडीचा सांधा लागत नाही, मोटर लागत नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

"ज्यानं त्यानं जपून उतरावं" असंही कोणी तरी म्हटलं. मला या वाक्याचा राग येतो. पहाटे साडेतीनला, पावसात, पन्नास जणांचा स्वयंपाक आदल्या रात्री उरकून चार तास झोपलेल्या बाईला आपण जपायला सांगतो, आणि ज्यानं पत्र्याला बोल्ट मारला त्याला काहीच सांगत नाही. काकूंनी स्वतः मला दवाखान्यात काय विचारलं माहीत आहे? "माझ्यामुळं तुमची पायरी मोडली का रे?"

असंच एसटीचं. राज्यात ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. फार चांगलं झालं. माझी आई असती तर रोज तुळजापूरला गेली असती. पण साध्या एसटीची पहिली पायरी आजही म्हातारीच्या गुडघ्याशी येते. स्टँडवर उभं राहून बघा, कंडक्टर वरून हात देतो, मागचा अनोळखी माणूस खालून आधार देतो, आणि म्हातारी ओशाळून वर जाते. तिकीट माफ झालं, चढण माफ झाली नाही. अशाच एका जुन्या गाडीच्या दारात कोणी खाली घडीचा एक टप्पा जोडून दिला, तर उद्या त्यालाही हेच ऐकावं लागेल की फोल्डिंगची वस्तू भरवशाची नसते.

पैशाचं बोलून घेतो. बैठकीत पायरीच्या खर्चाचा उल्लेख झाला आणि लगेच कोणी तरी म्हणालं की तेवढ्यात अर्ध्या दिवसाचं अन्नदान होतं. मी नवी पायरी केली आहे, माल आणि मजुरी धरून सात हजारांच्या आत. काकूंच्या मनगटाच्या ऑपरेशनला किती लागले हे त्यांच्या मुलाला विचारा.

नवी पायरी कशी केली तेही सांगतो, म्हणजे ज्याला करायची त्याला करता येईल. चार टप्पे, प्रत्येक चढ साडेनऊ इंचांचा, म्हणजे जमिनीपासून हौद्यापर्यंत पाच सारखे चढ. सगळे सारखे हे महत्त्वाचं, कारण अंधारात पायाला पहिल्या चढाची उंची आठवते आणि तो पुढच्यालाही तेवढाच उचलला जातो. चेकर प्लेट मुद्दाम टाळली. तिच्या नक्षीत चिखल बसला की ती सपाट पत्र्यासारखी निसरडी होते. जाड लोखंडी जाळी वापरली, गारा खाली गळून जातो. वरचं टोक हौद्याखालच्या चॅनेलला, मागे पट्टी देऊन, चार-सुती बोल्ट आणि नायलॉक नटांनी जोडलं. खालचं टोक लोंबत नाही, दोन पायांवर जमिनीला टेकतं, त्यामुळे मघाचा पहारीचा हिशेब लागूच होत नाही; वजन सरळ जमिनीत जातं. पण काळ्या मातीत नुसता पाइपचा पाय रुततो, म्हणून प्रत्येक पायाखाली वहीएवढी लोखंडी चकती दिली आणि पाय दोन-दोन इंचांनी कमीजास्त होईल अशी भोकं पाडली, कारण मुक्कामाची जागा कधी सपाट नसते. उघडल्यावर अडकायला अर्ध्या इंचाची खिळी, तिला साखळी, म्हणजे हरवणार नाही. टप्प्यांच्या कडा पिवळ्या रंगवल्या. वर मिटवल्यावर पायरी नीट अडकली नसेल तर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये लाल दिवा लागतो. त्याची वायर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ओढून दिली. पायरी खालीच राहिली आणि गाडी निघाली, ही फोल्डिंगची खरी भीती आहे. रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या छातीएवढ्या उंचीला ते लोखंड लोंबत असतं. त्या भीतीवर उपाय हा दिवा आहे. पायरीच काढून टाकणं हा नाही.

सत्तर किलोची बाई चढणार म्हणून मी सत्तर किलोवर तपासलं नाही. माझ्या शेडमध्ये प्रत्येक टप्प्यावर सिमेंटच्या चार गोण्या, म्हणजे दोनशे किलो, रात्रभर ठेवल्या. सकाळी दोरी लावून बघितलं, एकही टप्पा वाकलेला नव्हता. नंतर वेल्डिंगच्या सगळ्या टाक्यांवरचा गाळ ठोकून काढला आणि भिंगानं चिरा बघितल्या. दिंडी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघणार आहे, आणि मुक्कामावर रोज एकदा. ज्याला टायरची हवा बघायला वेळ असतो त्याला चार नटांवर पाना लावायलाही असावा. क्लीनरच्या रोजच्या कामांत मी हे लिहून देणार आहे.

बैठकीतल्या माणसांशी माझं भांडण नाही. त्यांनी काकूंना पडलेलं पाहिलं आणि ज्या वस्तूवरून त्या पडल्या ती दूर करावीशी वाटली. माझं म्हणणं एवढंच की ती वस्तू दूर केल्यानं चार फूट कमी होत नाहीत. ते चार फूट तिथेच राहतात. फरक इतकाच की पुढच्या वेळी बाई पडली तर दोष द्यायला पायरी नसेल, आणि मग दोष बाईवर येईल.

ठराव मागे घ्या, अशी माझी विनंती आहे. येत्या रविवारी बैठकीच्या आधी तासभर ट्रक मंदिरासमोर उभा असेल, नवी पायरी उघडलेली असेल. येताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन या. इतर दिंड्यांच्या व्यवस्थापकांनीही यावं, माप घ्यावं, फोटो काढावेत. आराखडा मी कागदावर काढून देईन, त्याचे पैसे नाहीत.

काकू यंदा येणार आहेत. काल संध्याकाळी त्या शेडवर आल्या, पायरीवरून दोनदा चढल्या, दोनदा उतरल्या, आणि डावं मनगट अजून वर जात नाही म्हणून डावीकडचा दांडा चार इंच खाली घ्यायला सांगितलं. तो खाली घेतला आहे.